गाडीच्या बरोबरीनं

आमच्या घरी एक कुत्रा आहे. तो आजही आहे, गेला नाही, यात माझं श्रेय काही नाही, हे आधीच लिहून टाकतो. कारण गल्लीत आणि नात्यात याच्या उलट बोललं जातं. यांनी त्या कुत्र्याले माणसात आणलं, असं लोक म्हणतात. मी ऐकून घेतो. मी मुळातच कमी बोलणारा माणूस, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय आहे.

आम्ही दिग्रसच्या कडेला, प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये राहतो. मी एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतो. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम, नंतर हात बऱ्यापैकी रिकामे. घरात बायको, ऐंशी ओलांडलेले वडील आणि मी. लेक नर्सिंग शिकली आणि पुण्याला नोकरीला गेली. जाताना कुत्रा आमच्याकडे ठेवून गेली. तिनं त्याला ठेवलेलं नाव इथं लिहीत नाही. वडील त्याला ‘गडी’ म्हणतात, मीही तेच लिहितो.

तो तिनं पुसदच्या रस्त्यावरच्या एका तांड्यावरून आणला होता. तांड्यावर अशी कुत्री पिढ्यानपिढ्या पाळतात. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड आणि छाती मात्र खोल. सशामागं धावायची जात. पिल्लू होता तेव्हा लेकीच्या स्कुटीवर पुढं, पाय ठेवायच्या जागेवर उभा राहून गावभर हिंडायचा. ती गेली तेव्हा तो वर्षाचा झाला होता. आम्ही त्याला अंगणातल्या कडुनिंबाला साखळीनं बांधलं आणि आपापल्या कामाला लागलो.

निंबाभोवती गोल चाकोरी पडली, घाण्याच्या बैलाची पडते तशी. वाळत घातलेल्या साड्या त्यानं ओढून फाडल्या. अंगणातला नळ उखडला. दिवसभर भुंकायचा, आणि भुंकून दमला की रडल्यासारखा सूर काढायचा, तो ऐकवत नसे. एकदा साखळीची कडी निसटली आणि शेजारच्या काकूच्या अंगणात कोंबड्यांची पिसंच पिसं झाली.

“तुमचा कुत्रा हाय का वाघ हाय हो?” काकू कुंपणावरून म्हणाली. “एखाद्या दिवशी म्या त्याले काही खाऊ घातलं त मंग बोलू नका.”

काही म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “अजी, कोणी मारून टाकण्यापरीस कोणाले देऊन टाकलेला बरा.”

तिचा भाऊ महागावकडे शेती करतो. त्यानं फोनवर सांगितलं, “पोळा झाला का नेतो. करीच्या दिवशी गाडी घेऊन येतो. तवा सोयाबीन भरते, रानडुकरं लय येतात. वावरात बांधून ठेवीन.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढ्यावर ते ठरलं. लेकीला कळवायचं काम बायकोनं केलं. लेक फोनवर म्हणाली, “पोळ्याला मी येते. मी आल्याशिवाय देऊ नका.”

म्हणजे पोळ्यापर्यंत थांबायचं होतं. मला तेवढंही थांबता आलं नाही.

उन्हाळा सरत आला होता. वावरं वखरून काळीभोर पडली होती. एका संध्याकाळी वडील त्याला भाकर द्यायला निंबाखाली गेले, तर त्यानं आनंदानं त्यांच्या अंगावर उडी घेतली आणि ते पडले. कोपर सोलवटलं. उठता उठता ते म्हणाले, “तरणा हाय गडी. अंगात मावून नाही राह्यला.” ते हसत होते. मी नाही हसलो. ते आत गेल्यावर मी साखळीचं मोकळं टोक हातात गुंडाळलं आणि त्याला मारलं. एकदा मारून थांबलो नाही. तो ओरडलाही नाही, नुसता निंबाच्या खोडाला चिकटून राहिला, आणि थोड्या वेळानं माझ्याकडे बघून त्यानं शेपूट हलवली. ती शेपूट मला सहन झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरचे उठायच्या आत, मी लेकीची स्कुटी काढली. त्याला सोडलं. तो आपणहून येऊन पुढं आपल्या जागेवर उभा राहिला. फूट-रेस्टवर आता तो कसाबसा मावत होता, त्याचं डोकं माझ्या हनुवटीला लागत होतं. मी धरणाच्या पलीकडे गेलो, जिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल लागतं आणि वस्ती नाही. तिथं किलोमीटरच्या दगडापाशी थांबलो. गळ्यातला पट्टा काढला. खिशातली भाकर जंगलाच्या बाजूला जमेल तितकी लांब फेकली. तो भाकरीमागं गेला आणि मी गाडी वळवली.

मागं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आरशाचं काय करणार? आरशात तो दिसला. आधी रस्त्याच्या कडेला उभा, तोंडात भाकर. मग भाकर खाली पडली. मग तो मोठा मोठा होऊ लागला.

मी गाडी वाढवली. रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हतं. काटा चाळीसच्या पुढं गेला आणि तेवढ्यात डाव्या हाताला काहीतरी आहे असं वाटलं. पाहिलं तर तो माझ्या गुडघ्याशी होता.

मी शेतकऱ्याच्या घरी जन्मलो, जनावरांत वाढलो. पण जनावर पळताना मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं असंच म्हणावं लागेल. त्याची पाठ धनुष्यासारखी वाकत होती आणि सुटत होती. चारही पाय पोटाखाली गोळा होत, एकमेकांना ओलांडून जात, आणि मग तो इतका लांब होई की वाटे आता हा पुन्हा जमिनीला लागणारच नाही. पायांचा आवाज जवळजवळ नव्हता. ऐकू येत होता तो फक्त श्वास, जिनच्या यंत्रासारखा एका तालात. वर्षभर ज्याला मी झाडाभोवती गोल फिरताना पाहिलं होतं, ओरडणारं, वास मारणारं, कंटाळवाणं जनावर, ते हे नव्हतं. किंवा हेच होतं, आणि आम्ही एवढं सगळं साखळीच्या चार हातांत कोंबून ठेवलं होतं.

मी आणखी गाडी पळवली, हे लिहायलाच हवं. त्याला मागं टाकायचं म्हणूनच पळवली. तो तेवढाच पुढं सरकला. आणि पळता पळता त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती नव्हती, विनवणीही नव्हती. त्याची समजूत अशी झाली होती की शेवटी एकदा कोणीतरी त्याला पळायला आणलं.

नाल्यावरच्या पुलापाशी माझा हात ढिला पडला. गाडी थांबली. तो थोडा पुढं गेला, वळला, दुडक्या चालीनं परत आला आणि धापा टाकत आपल्या जागेवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला. मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. आत सगळं धडधडत होतं.

घरी आलो तेव्हा बायको फाटकापाशी सडा टाकत होती.

“कुठं गेलते जी, एवढ्या सकाळी?”

“याले फिरवाले,” मी म्हणालो.

त्या दिवशी अंगणात आवाज नव्हता. तो निंबाखाली पाय ताणून झोपला तो दुपार टळेपर्यंत. काकूनं कुंपणावरून डोकावून विचारलं, “मेला का हो?” बायकोनं मला जेवताना दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या आणि लेकीला फोन लावला. “तुया पप्पानं आज त्याले पळवून आणलं. हो, यायनंच. म्या सांगितलं नोतं.” मग फोन माझ्या कानाला लावला. लेक म्हणाली, “पप्पा, खरंच नेलं तुम्ही? थँक्यू हो.” मी ‘हं’ म्हणालो.

त्यानंतर रोज न्यावंच लागलं. स्कुटीला हात लावायची मात्र इच्छा होईना. मी माझी जुनी सायकल काढली, चाकांत हवा भरली, आणि कालव्याच्या पाळूनं, म्हणजे काठच्या बांधावरून, त्याला नेऊ लागलो. पाळूवर मुरमाचा रस्ता आहे, डांबरासारखा तापत नाही आणि सकाळी तिथं दूधवाले सोडले तर कोणी नसतं. मी हँडलला दोरी बांधली, दुसरं टोक त्याच्या पट्ट्याला. पहिले काही दिवस तो बरोबरीनं पळायचा. मग त्याच्या लक्षात आलं की सायकल स्कुटीपेक्षा फार हळू आहे. आणि त्यानं ओढायला सुरुवात केली.

पहिल्यांदा त्यानं मला ओढलं तेव्हा मी पायडल मारायचं विसरलो. पाय नुसते ठेवून बसलो होतो आणि कालव्याचं पाणी, पलीकडची काळी वावरं, बाभळी मागं चालल्या होत्या. माझ्या वजनाचा माणूस, लोखंडी सायकल, आणि पुढं ते हडकुळं जनावर.

“काकाजी, पटाची तयारी काय?” समोरून येणारा दूधवाला ओरडायचा. “जोडी नाई भेटली का याले?”

दुसऱ्या दिवशी, “तुमी कुत्र्याले फिरवून राह्यले का कुत्रा तुमाले?”

पट म्हणजे शंकरपट, बैलांच्या शर्यती. दूधवाला थट्टा करत होता, पण ही बातमी माझ्या वडिलांनी गंभीरपणे घेतली. तरुणपणी ते पटाचे धुरकरी होते, म्हणजे जोडी हाकणारा. त्यांची शेवटची जोडी ट्रॅक्टर आल्यावर विकली, तेव्हा ते दिवसभर खोलीच्या बाहेर आले नव्हते. ते मला म्हणाले, “पट्ट्याले दोर बांधून ओढवते काय बे त्याले? ओढणाऱ्याले जू पाह्यजे.”

आणि ते कामाला लागले. सागाची एक वाकडी फांदी निवडली, ती तासली, घासली, तिला जुन्या धोतराची चिंधी आणि कापूस गुंडाळला. खालून गळ्याशी बांधायला चामड्याचा पट्टा, बैलाच्या जुवाला असतो तसाच. हात थरथरतात त्यांचे, पण त्या कामात थरथरले नाहीत. मानेवर ठेवायचं ते लहानसं जू इतकं सुबक झालं होतं की बायकोसुद्धा ते हातात घेऊन पाहत राहिली. मी कौतुकानं ते त्याच्या मानेवर चढवलं. आम्ही दोघं शेतकऱ्याची मुलं. ओढणारं जनावर मानेनं ओढतं, यापलीकडे दुसरं काही आमच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

तो ओढायचा, पण मध्येच खोकायचा. मला वाटलं, धूळ. मग मानेवरचे केस गेलेले दिसले. वडील म्हणाले, “नव्या बैलाचा खांदाही सोलते. घट्टा पडला का राह्यते बरोबर.” त्यांनी हळद लावली. मी दोन दिवस विश्रांती दिली आणि पुन्हा जुंपलं. चूक दिसत होती, पण मी बोललो नाही. वडिलांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे न बोलणं मला सोपं जातं.

श्रावणाच्या सुरुवातीची एक ढगाळ सकाळ होती. पाळूवर वारा सुटला होता आणि तो वाऱ्यावर तोंड करून उधळल्यासारखा निघाला. मी ब्रेक लावायला हवा होता. मला तो वेग हवा होता. एकाएकी दोरी ढिली पडली आणि तो पुढं बसला, मग आडवा झाला. जीभ बाहेर, निळसर. जू सरकून खाली आलं होतं आणि चामड्याचा पट्टा नरड्यावर चढला होता. बैलाच्या मानेमागं वशिंड असतं, जू त्याला अडतं. याला वशिंड कुठं होतं? एवढी साधी गोष्ट त्या मुरमात गुडघे टेकून, पट्ट्याची गाठ दातांनी ओढताना मला कळली.

गाठ सुटली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या छातीत घरघरलं, तो खोकला आणि मान तशीच जमिनीवर ठेवून त्यानं डोळे उघडले. मला पाहिलं. शेपटी मुरमावर एकदा आपटली.

सायकल तिथंच टाकून त्याला दोन्ही हातांवर उचलून मी घरी आलो. त्याच्यात वजन असं नव्हतंच.

वडिलांनी त्याचा सोललेला गळा पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. बोलली ती बायको. “जायचं हाय त्याले माह्या भावाकडं. त त्याच्या आधी फाशी देता काय जी तुम्ही बापलेक?” ती तरातरा आत गेली आणि लेकीचं शाळेचं जुनं दप्तर घेऊन आली, दोन पट्ट्यांचं, पाठीवर घ्यायचं. “लेकरानं दहा वर्षं पुस्तकं वाह्यली ह्याच्यात. तिच्या नरड्याले लागलं काय कधी?”

गळा भरून यायला बरेच दिवस गेले. तोवर बायकोनं दप्तराचा कप्पा कापून टाकला होता आणि पट्ट्यांना आडवा एक पट्टा शिवून दिला होता. जायचंच हाय त्याले, असं शिवता शिवता म्हणत होती. पट्ट्यांत त्याचे पुढचे दोन पाय घातले की सगळा भार छातीवर आणि खांद्यांवर यायचा, दोरी पाठीवरून मागं.

ज्या दिवशी तो दप्तर घालून पहिल्यांदा निघाला, तो दिवस मी कोणाला सांगितला नाही, कारण सांगता येत नाही. त्यानं एकदा छाती पुढं टाकली. कुठंच काही आवळलं नाही. तो क्षणभर थबकला, जणू खात्री करून घेत होता, आणि मग त्यानं जी ओढ घेतली, ती मला तळपायांपासून लागली. जंगलातल्या रस्त्यावर मी पाहिलं होतं तेच पळणं होतं, पण आता मी त्याला बांधलेला होतो. दोरीतून त्याच्या प्रत्येक झेपेचा झटका माझ्या मनगटांत येत होता. कालव्यावरचे बगळे उठले. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं, असं तेव्हा वाटलं. पाळू संपते तिथं तो आपोआप हळू झाला, वळला आणि माझ्या सायकलकडे, मग माझ्याकडे पाहून उभा राहिला. एवढी ताकद ज्याच्या अंगात आहे त्यानं साखळीचा मार खाऊनही मला शेपूट हलवावी, हे मला अजून समजत नाही.

काकू आता त्याचा आवाज येत नाही म्हणून कुरकुरत होती. “भुंकत नाही त मले जागच नाई येत सकाळी.” पण तिचं समाधान झालं म्हणून महागावचा शब्द काही फिरला नव्हता. पोळा जवळ येत होता. मी रोज ठरवत होतो की आज साळ्याला फोन करीन, आज बायकोला सांगीन. आणि रोज सकाळी पाळूवर जाऊन येत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लेक आली. बसमधून उतरून घरी आली ती बॅगसकट निंबाखाली बसली. तो तिच्या अंगावर चढला नाही, हे पाहून तिला रडू आलं. “किती शहाणा झाला हा. पप्पा, तुम्ही नसता तर...” मी बॅग उचलून आत नेली.

संध्याकाळी वडील म्हणाले, “कालव्यावरून पळसाची पानं आण.” आणि बायकोकडे तूप-हळद मागितली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. कोमट तूप-हळदीत पळसाचं पान बुडवून, वर्षभर जिथं जू घासलं तिथं ते फिरवायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. जोडी विकल्यापासून आमच्या घरी हे बंद होतं, आम्ही मातीचे बैल पूजत होतो. बायकोला वाटलं, बुढ्याला आठवण आली असेल. पण ते वाटी घेऊन अंगणात गेले आणि निंबाखाली लेकीच्या शेजारी बसले.

“बाबा, हे काय करून राह्यले?” बायको दारातून म्हणाली.

“खांद शेकून राह्यलो.”

“कुत्र्याची?”

“यंदा या घरात ओढलं कोणी? तू ओढलं, का यानं?” यानं म्हणजे मी. “गड्यानं ओढलं.” त्यांनी पान तुपात बुडवलं आणि नवीन केस येऊ लागलेल्या त्या मानेवरून हलकेच फिरवलं. “माह्या जुवानं तुहा गळा कापला रे. म्या तुले बैल समजलो. पोटात घाल.” मग जरा मोठ्यानं, बैलांना म्हणायचे तसं, “आज आवतण घे, उद्या जेवाले ये.”

कुत्र्यानं पान चाटलं. लेक हसली. वडिलांनी वाटी माझ्यापुढं धरली. “घे. धुरकरी तू हायस.”

आमच्या घरची एक रीत आहे. वर्षभर ज्यानं जनावर हाकलं, त्यानं त्या संध्याकाळी खांद्यावर हात ठेवून, मारलं असेल तर ते बोलून दाखवायचं. लहानपणी मी वडिलांना गोठ्यात बैलांच्या कानाशी पुटपुटताना ऐकलं आहे. अमक्या दिवशी चिखलात गाडी रुतली तवा तुतारीची आर टोचली, ध्यानात ठेवू नको. मला तेव्हा ते गमतीचं वाटे.

मी पान घेतलं. हात त्याच्या मानेवर ठेवला. तो माझ्याकडे पाहत होता, आणि लेकही.

“साखळीनं मारलं तुले,” मी म्हणालो. “बाबा पडले त्या दिवशी.” थांबता आलं असतं. “अन् दुसऱ्या दिवशी धरणापलीकडं नेऊन सोडून देलं.”

मी तुपात पान पुन्हा बुडवलं.

“फिरवायला नेलं होतं ना?” लेक म्हणाली.

“नाही बेटा. सोडाले नेलं होतं. पट्टा काढला, भाकर फेकली, अन् गाडी वळवली.”

“मग घरी कसा आला?”

“गाडीच्या बरोबरीनं.”

“तुम्ही गाडी हळू केली.”

“नाही. पळवली.”

ती बराच वेळ त्याच्या कानामागं बोटं फिरवत राहिली. “मग थांबलात कशाला?”

“मले माहीत नाही. त्याच्याकडं पाहून राह्यलो होतो. समोर पाहाचं राहून गेलं.”

दारातून बायको म्हणाली, “अन् त्या दिवशी म्या तुमाले दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या.” एवढंच म्हणाली. ती आत गेली, आतून भांड्यांचा आवाज आला, मग ती परत दारात आली. “बाबानं आवतण देलं उद्याचं. अन् परवा माहा भाऊ येते त्याले न्याले. हे कसं काय?”

“पाव्हण्याले जेवू घातल्यावर कोणी गाडीत कोंबून देत नाही,” वडील म्हणाले.

“मंग भावाले सांगन कोण? मी नाही सांगत. मान यायनं हलवली होती.”

मी फोन लावला. सगळ्यांसमोरच लावला.

“भाऊजी?” साळा दचकला. “काय झालं? बाईची तब्येत बरी हाय ना?” मी त्याला आजवर कधी आपणहून फोन केला नव्हता.

“कुत्रा देत नाही,” मी म्हणालो.

“काहून?”

“ओढते.”

“काय ओढते?”

“मले.”

पलीकडे तो इतका हसला की अंगणात ऐकू आलं. “ठेवा मंग भाऊजी. मले ओढाचं नाही, बांधाचं होतं.”

दुसऱ्या दिवशी मातीच्या बैलांनंतर पहिलं पान त्याला वाढलं. पुरणपोळी त्यानं एका घासात गिळली आणि बायकोकडे पाहिलं. तिनं दुसरी दिली. मला त्या दिवशी मागून घ्यावी लागली. लेक माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. पप्पा, पाणी द्या. पप्पा, टॉवेल कुठं आहे. मी तिला दोष देत नाही. ती बोलली नसती तरी दिला नसता.

करीच्या दिवशी सकाळी, ज्या वेळेला महागावची गाडी यायची होती, त्या वेळेला ती तयार होऊन अंगणात उभी होती. “ती जागा दाखवा,” ती म्हणाली.

मी सायकल घेतली, त्याला दप्तर घातलं. ती स्कुटीवर मागून आली. धरणाच्या पलीकडे मी बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो. सागाला फुलोरा आला होता, रस्ता ओला होता. किलोमीटरच्या दगडापाशी मी ब्रेक लावला.

“इथं?”

“इथं.”

ती स्कुटीवरून उतरली नाही, नुसतं जंगलाकडे पाहत राहिली. मी कुत्र्याकडे पाहत होतो. मला वाटत होतं की तो ओळखेल, अंग चोरेल, माझ्यापासून लांब होईल. त्यानं दगड हुंगला, सगळीकडून नीट हुंगला, त्यावर पाय वर केला, आणि दोरी ताणून पुढं पाहत उभा राहिला.

“तुम्ही स्कुटी घ्या,” लेक म्हणाली. “मी सायकल घेते.”

आम्ही गाड्या बदलल्या आणि घराकडं वळवल्या. तिला नीट बसायलाही त्यानं वेळ दिला नाही. मी स्कुटी चालू केली आणि त्यांच्या डाव्या बाजूला आलो, माझ्या गुडघ्याशी तो, त्याच्यामागं ती, ओढणी तोंडावर उडत असलेली. नाल्याच्या पुलापर्यंत मी त्यांच्या बरोबरीनं होतो. मग त्यानं मान खाली घातली, दप्तराचे पट्टे छातीवर ताणले गेले, आणि मला काटा वाढवावा लागला. लेक काहीतरी म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते वाऱ्यात कळलं नाही.